कारिबा धरणातील निम्मा वाटा म्हणजे नेमके काय?

आपला प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. झांबेझी नदीवरचे कारिबा धरण झांबिया आणि झिम्बाब्वे या दोन देशांच्या समान मालकीचे आहे. नोव्हेंबर २०२२ अखेर जलाशय तळाला गेलेला असताना झिम्बाब्वेला त्याच्या तीरावरील वीजनिर्मिती थांबवण्यास सांगण्यात आले. झांबियाचे केंद्र मात्र चालू राहिले. आपण विचारता की धरण निम्मे-निम्मे असेल तर टंचाईही निम्मी-निम्मी का सोसली गेली नाही, यात एका देशावर अन्याय झाला का, आणि वरच्या अंगाला नियोजित असलेल्या बटोका धरणामुळे हा तंटा मिटेल का.

मी बरीच वर्षे जलाशय परिचालनाचे काम केले आहे. येवा, म्हणजे जलाशयात येणारे पाणी, किती असेल याचा अंदाज बांधायचा, साठा किती राखायचा ते ठरवायचे, आणि त्यातून वीजकेंद्राला व कालव्याला महिनावार किती पाणी द्यायचे याचे कोष्टक तयार करायचे, असे ते काम. कारिबाच्या कारभारात माझा कधी सहभाग नव्हता, परंतु एका जलाशयातून दोन धन्यांनी पाणी उचलायचे ठरवले की हिशेबात काय काय अडचणी येतात, हे मी जवळून पाहिले आहे.

अशा प्रश्नात मी पहिल्यांदा हे विचारतो की इथे वाटले काय जाते: भिंत, वीज की पाणी? पराना नदीवरील इताइपू प्रकल्पात ब्राझील आणि पाराग्वे वीज वाटून घेतात. तिथे कंपनी एक, वीजगृह एक आणि ७०० मेगावॅटचे २० संच आहेत. त्यांतले १० संच पाराग्वेच्या ५० हर्ट्झ वारंवारितेवर आणि १० ब्राझीलच्या ६० हर्ट्झवर चालतात. मालीतील मनंताली धरणाच्या २०० मेगावॅट केंद्राची वीज माली, सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्यात ५२, ३३ आणि १५ टक्के अशी विभागली जाते. कारिबाची रचना या दोहोंपेक्षा वेगळी आहे. तिथे वीजगृहे दोन आहेत, दक्षिण तीरावरचे झिम्बाब्वेचे आणि उत्तर तीरावरचे झांबियाचे, आणि प्रत्येक देश आपले केंद्र स्वतः चालवतो. सामायिक आहे ती भिंत, सांडवा आणि जलाशय. त्यामुळे तिथे वाटणी होते ती पाण्याची, घनमीटरमध्ये मोजून. आपल्या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर या एका गोष्टीत आहे.

ही रचना इतिहासातून आली. धरणाचे बांधकाम १९५५ ते १९५९ या काळात झाले, तेव्हा दोन्ही तीर ऱ्होडेशिया आणि न्यासालँड यांच्या एकाच संघराज्यात होते. पहिले वीजगृह दक्षिण तीरावर झाले. १९६३ मध्ये संघराज्य मोडले, पुढच्याच वर्षी झांबिया स्वतंत्र झाला, आणि त्याच्या तांब्याच्या खाणींना लागणारी वीज परक्या देशाच्या हद्दीतील वीजगृहातून येऊ लागली. १९६५ मध्ये दक्षिणेकडील, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतील, गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यावर ही स्थिती झांबियाला धोक्याची वाटली यात नवल नाही. १९७० च्या दशकात उत्तर तीरावर स्वतंत्र वीजगृह उभे राहिले त्यामागे अभियांत्रिकीपेक्षा ही भीती अधिक होती. झिम्बाब्वे स्वतंत्र झाल्यानंतर, १९८७ मध्ये, दोन्ही संसदांनी समान कायदे करून झांबेझी नदी प्राधिकरण स्थापन केले. धरणाची देखभाल, सांडव्याचे दरवाजे आणि पाण्याचा हिशेब या प्राधिकरणाकडे आहे. दोन्ही वीजकेंद्रे मात्र त्याच्याकडे नाहीत.

आता हिशेबाकडे येतो. जलाशयाची वीजनिर्मितीसाठीची पातळी समुद्रसपाटीपासून ४७५.५ ते ४८८.५ मीटर या मर्यादेत ठेवली जाते. या तेरा मीटरांत सुमारे ६४.८ अब्ज घनमीटर उपयुक्त साठा मावतो. प्राधिकरण येव्याचा अंदाज आणि हातातला साठा पाहून दरवर्षी वीजनिर्मितीसाठी एकूण पाणी ठरवते आणि ते दोन्ही देशांना समान देते. २०२२ साठी हा आकडा ४५ अब्ज घनमीटर होता, म्हणजे प्रत्येकी २२.५ अब्ज. २०२३ साठी तो ३० वर आणि २०२४ साठी १६ वर आणावा लागला. झिम्बाब्वेने २०२२ चा आपला वाटा वर्ष संपण्याआधीच वापरून टाकला होता आणि झांबियाच्या खात्यावर थोडे पाणी शिल्लक होते. उपयुक्त साठा तेव्हा पाच टक्क्यांच्याही खाली गेला होता. म्हणून एक केंद्र थांबवण्यास सांगितले गेले आणि दुसरे चालू राहिले.

परंतु एवढ्यावर थांबलो तर एक देश उधळा आणि दुसरा काटकसरी असे चित्र उभे राहील, आणि ते अपुरे ठरेल. थोडे गणित करू. कारिबात पाण्याला साधारण ९० मीटरची उंची मिळते असे धरले आणि संचांची कार्यक्षमता ९० टक्के मानली, तर १ अब्ज घनमीटर पाण्यातून सुमारे २२ कोटी युनिट वीज होते. म्हणजे २२.५ अब्ज घनमीटरमधून साधारण ५०० कोटी युनिट. झिम्बाब्वेच्या केंद्राची क्षमता २०१८ मध्ये ३०० मेगावॅटची भर पडून १,०५० मेगावॅट झाली. हे केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालवायचे तर ९२० कोटी युनिट, म्हणजेच जवळजवळ ४२ अब्ज घनमीटर पाणी लागेल. मिळालेला वाटा पूर्ण क्षमतेने वापरला तर साडेसहा महिन्यांत संपतो. झांबियानेही आपल्या तीरावर ३६० मेगावॅटचा विस्तार करून क्षमता १,०८० मेगावॅटवर नेली आहे. दोन्ही केंद्रे एकाच वेळी वर्षभर पूर्ण क्षमतेने चालवली तर वर्षाला सुमारे ८५ अब्ज घनमीटर पाणी खर्च होईल, आणि काठोकाठ भरलेल्या जलाशयाचा सगळा उपयुक्त साठासुद्धा त्याला पुरणार नाही.

याचा अर्थ विस्तार चुकीचा होता असा मुळीच नाही. जलविद्युत केंद्राची क्षमता वाढवण्यामागचा हेतू बहुधा संध्याकाळच्या कमाल मागणीच्या काही तासांत जास्त वीज देता यावी हा असतो. नवे संच बसवल्याने नदीत एक थेंबही वाढत नाही. तेच पाणी कमी वेळात, जास्त गरजेच्या वेळी वापरता येते. अडचण तेव्हा होते, जेव्हा कमाल मागणीसाठी बांधलेले संच दिवसरात्र चालवण्याची पाळी येते. झिम्बाब्वेवर ती आली होती, कारण ह्वांगे येथील कोळशावरच्या औष्णिक केंद्राचे जुने संच वारंवार बंद पडत होते आणि तिथले नवे ६०० मेगावॅटचे संच २०२३ मध्ये मिळायचे होते. कोळशाची तूट पाण्याने भरून काढली गेली. झांबियाकडे मात्र काफुए नदीवरची मोठी केंद्रे होती, त्यामुळे कारिबाचे पाणी पुरवून वापरण्याची सवड त्याला मिळाली.

वाटा समान असला तरी गरज समान नव्हती. पुढे २०२४ मध्ये तीव्र दुष्काळ पडला, झांबियाने फेब्रुवारीअखेर राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, आणि बहुतांश वीज पाण्यावरच मिळवणाऱ्या त्या देशाला कमालीचे भारनियमन सोसावे लागले. २०२२ मध्ये जो देश सुस्थितीत दिसत होता तोच दोन वर्षांनी अधिक अडचणीत आला. म्हणून एका वर्षाच्या घटनेवरून कोणाचे फावले हे ठरवू नये असे मी सुचवेन.

इथपर्यंतचे एकत्र पाहू: वाटले जाते ते पाणी, वाटा वर्षापुरता ठरतो, संचांची क्षमता वाट्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि दोन्ही देशांची निकड वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी असते. आता अन्यायाचा प्रश्न घेतो.

माझ्या मते वाट्याचे तत्त्व न्याय्य आहे, आणि विजेऐवजी पाणी मोजणे हा तर त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग आहे. वीज निम्मी करायची ठरवली असती तर जुने, झिजलेले संच चालवणाऱ्याला तेवढ्याच विजेसाठी अधिक पाणी उपसण्याची मुभा मिळाली असती. पाणी निम्मे केल्यामुळे जो आपली यंत्रे सुधारेल त्याला त्याच घनमीटरमधून अधिक युनिट मिळतात आणि शेजाऱ्याचे काही जात नाही. शिवाय जलाशय भरलेला असताना पाण्याची उंची तळाच्या पातळीपेक्षा १३ मीटरने जास्त असते. ९० मीटरच्या मानाने हा फरक लहान नाही. तेच पाणी वरच्या पातळीवर असताना वापरले तर साधारण चौदा टक्के अधिक वीज देते. म्हणून पातळी उंच राखणे दोघांच्याही हिताचे असते, आणि एकाने घाईने उपसा केला की दुसऱ्याच्या खात्यावरील शिल्लक घनमीटरचे मोलही घटते. खात्यावर आकडा तेवढाच दिसतो, पण त्यातून निघणारी वीज कमी झालेली असते. हे नुकसान कोणत्याही वार्षिक ताळेबंदात दिसत नाही, म्हणून मी ते मुद्दाम सांगतो.

माझा आक्षेप आहे तो वेळेवर. झांबेझीच्या वरच्या खोऱ्यात, अंगोला आणि पश्चिम झांबियात, पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पडतो. ते पाणी बारोत्सेच्या विस्तीर्ण पूरमैदानातून संथपणे उतरते, त्यामुळे व्हिक्टोरिया धबधब्यापाशी प्रवाह एप्रिलच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्वांत कमी. कारिबाची पातळी वर्षाच्या मध्यावर वर असते आणि डिसेंबर-जानेवारीत तळ गाठते. खाते मात्र जानेवारी ते डिसेंबर चालते. म्हणजे वर्षभराचा हिशेब चुकला तर ती चूक नेमकी त्या दिवसांत अंगावर येते, ज्या दिवसांत जलाशयात ती पचवण्याची ताकद उरलेली नसते. वाटा ओलांडला जाणार हे जुलै-ऑगस्टमध्येच आकडेमोडीतून दिसत असते. तेव्हा थोडीशी कपात केली असती तर नोव्हेंबरात पूर्ण थांबण्याची वेळ आली नसती. नियम न्याय्य असूनही त्याची अंमलबजावणी उशिरा झाली की परिणाम कठोर होतो, आणि कठोर परिणाम लोकांना अन्यायासारखाच जाणवतो.

हे मी अनुभवावरून लिहितो. एका प्रकल्पात वीजकेंद्र आणि सिंचन यांच्यात असाच वार्षिक कोटा ठरलेला होता. दोन्ही बाजूंचे अधिकारी प्रामाणिक होते, तरीही दरवर्षी हंगामाच्या शेवटी भांडण होई, कारण वीजकेंद्र किती पाणी गेले हे निर्माण झालेल्या विजेवरून उलट गणित करून सांगे, आणि सिंचनाची माणसे खालच्या मोजणी केंद्रावरील विसर्ग पुढे करत. दोन आकड्यांत तफावत पडे आणि ती वर्षभर साठत जाई. शेवटी आम्ही दोन गोष्टी केल्या: संचांचे कार्यक्षमता-वक्र, म्हणजे किती पाण्यातून किती वीज होते याचे आलेख, दोन्ही बाजूंच्या उपस्थितीत नव्याने तपासले, आणि खाते वार्षिक न ठेवता पंधरवड्याचे केले. भांडणे पूर्ण थांबली नाहीत, परंतु पंधरा दिवसांच्या पाण्यावरचे भांडण कोणालाही अंधारात ढकलत नाही. म्हणून दोन देशांमधला असा कोणताही करार हाती आला की मी आधी तीन कलमे शोधतो: पाणी कोण आणि कशाने मोजणार, मर्यादा जवळ आली की आपोआप कपात कधी सुरू होणार, आणि एका देशाने वाचवलेले पाणी पुढील वर्षी त्याच्या नावावर राहणार की सामायिक साठ्यात विरून जाणार. तिसरे कलम सर्वांत दुर्लक्षित असते. वाचवलेले पाणी जर सामायिक होणार असेल तर वाचवण्याचे कारणच उरत नाही.

या हिशेबात न दिसणारे आणखी काही वाटेकरी आहेत. पहिले बाष्पीभवन. भरलेल्या जलाशयाचे क्षेत्रफळ सुमारे ५,५०० चौरस किलोमीटर आहे. पातळी उतरल्यावर ५,००० चौरस किलोमीटर पाणी उघडे आहे असे धरले आणि त्यावरून वर्षाला दीड मीटर पाणी उडते असे मानले, तर साडेसात अब्ज घनमीटर होतात. २०२४ मध्ये एका देशाला मिळालेला वाटा आठ अब्जांचा होता, हे शेजारी ठेवून पाहावे. दुसरा वाटेकरी म्हणजे खालचा देश मोझांबिक. त्याचे काहोरा बासा धरण याच नदीवर आहे आणि कारिबाचे दरवाजे कधी व किती उघडले जातात यावर तिथल्या पूरस्थितीचा बराच भाग अवलंबून असतो. पण कारिबाच्या निम्म्या-निम्म्या हिशेबात त्याचे खाते नाही.

आणि ज्यांच्याशिवाय हा विषय मला पुरा करता येत नाही ते म्हणजे ग्वेंबे खोऱ्यातले टोंगा लोक. कारिबा धरणामुळे सुमारे ५७,००० माणसांना नदीकाठची सुपीक जमीन सोडून वर कोरड्या माळावर जावे लागले. नदी त्यांच्यासाठी दोन देशांची सीमा नव्हती. दोन्ही काठांवर त्यांचे नातलग होते. जलाशयाने ते दुरावले आणि जी वीज झाली ती खाणींकडे व शहरांकडे गेली. दोन सरकारांमधली वाटणी कितीही काटेकोर असली तरी या लोकांचा वाटा ठरवण्याची वेळ अगदी सुरुवातीची होती, आणि ती हुकली. नव्या सामायिक प्रकल्पांवर चर्चा होते तेव्हा मी हा मुद्दा वीजवाटपाच्या आधी घेण्याचा आग्रह धरतो, कारण करार झाल्यावर त्याला जागा उरत नाही.

आपण विचाराल की मग इताइपूसारखी एकच कंपनी आणि एकच वीजगृह असते तर बरे झाले असते का? पाण्याचा तंटा नक्कीच कमी झाला असता. परंतु तिथे वाद किमतीवर आला. १९७३ च्या करारानुसार पाराग्वेला आपली न वापरलेली वीज ब्राझीललाच द्यावी लागत होती, आणि ती बाजारभावाने नव्हे तर ठरलेल्या मोबदल्यावर. २००९ मध्ये दोन्ही देशांच्या अध्यक्षांनी हा वार्षिक मोबदला १२ कोटी डॉलरवरून ३६ कोटी डॉलरवर नेण्याचे मान्य केले. २०१९ मध्ये विजेच्या खरेदीविषयीच्या एका गुप्त कागदावरून पाराग्वेत एवढा गदारोळ झाला की तो रद्द करावा लागला आणि राष्ट्राध्यक्षांची खुर्ची डळमळली. समान मालकी असूनही एकाला विजेची भूक मोठी आणि दुसऱ्याला लहान असली की भाव हाच कळीचा मुद्दा होतो. कोणती रचना चांगली हे म्हणून परिस्थितीवर ठरते: दोघांनाही सगळी वीज हवी असेल तर पाण्याचे चोख खाते महत्त्वाचे, आणि एकाला जास्त होत असेल तर विक्रीचे कलम महत्त्वाचे.

शेवटी बटोका. हे नियोजित धरण व्हिक्टोरिया धबधब्याच्या खाली आणि कारिबाच्या वर, बटोका घळईत आहे. क्षमता २,४०० मेगावॅट, दोन्ही देशांना निम्मी-निम्मी, प्रत्येक तीरावर एक वीजगृह. घळई अरुंद असल्याने तिथे कारिबासारखा मोठा साठा होणार नाही, केंद्र बहुतांशी नदीच्या चालू प्रवाहावर चालेल. त्यामुळे दुष्काळात ते कारिबाला वाचवेल ही अपेक्षा ठेवू नये. नदी आटली तर दोन्ही एकदमच अडचणीत येतील. त्याचा खरा उपयोग निराळा आहे. मार्च ते मे या भरपूर पाण्याच्या महिन्यांत वीज बटोकात तयार करायची, तेच पाणी खाली कारिबात साठू द्यायचे, आणि सप्टेंबरपासूनच्या कोरड्या महिन्यांत कारिबा चालवायचे. असे केले तर पातळी उंच राहील, प्रत्येक घनमीटरमधून अधिक वीज मिळेल आणि वर्षअखेरची ओढाताण सौम्य होईल. मात्र यासाठी दोन्ही धरणांवरच्या चारही वीजगृहांचे महिनावार वेळापत्रक एकाच मेजावर ठरले पाहिजे. मार्च ते मे या काळात बटोकाची वीज हाती आली म्हणून कारिबाही तेवढ्याच वेगाने चालवत राहिलो, तर चार वीजगृहे होऊनही नोव्हेंबरातला जलाशय आहे तसाच राहील.